ओव्हरसियरांच्या कुंपणाला फळ येईना

शुद्धलेखनाच्या चुका आधीच कबूल करते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला शाळेत कळलं नाही आणि पुढे कोणी विचारलं नाही. अक्षरही वाईट आहे. जन्मभर कोंबड्या पाळल्या, त्यांच्या पायांसारखंच ते वळलं. वही नातीची आहे, तिने सोडून दिलेली, मागची पानं कोरी होती. ही कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे माफी कोणाची मागते आहे ते मलाही नीट सांगता येणार नाही. तरी मागून ठेवते.

आमचं घर पनवेलला, मशिदीपासून चौथं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, आमच्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतो. मुसलमानांची मशीद वेगळी. पोस्टमनला दोन्ही ठाऊक होत्या, त्यामुळे कधी घोटाळा झाला नाही. आमचे हे दवाखान्यात कंपाउंडर होते. मी घरी. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडे, ती लग्नाआधीही पडे आणि लग्नानंतरही. बाजारात मी बोटाने दाखवून भाजी घेत असे. भाजीवाल्या मला बरीच वर्षं मुकी समजत होत्या. मुक्या बाईला त्या जास्त फसवत नसत, म्हणून मीही तो समज दूर केला नाही.

परसात विहिरीजवळ एक झाड होतं. माझ्या भावाने मुंबईहून कुठल्याशा बागेच्या माळ्याकडून डब्यातून आणलेलं. झाड म्हणजे झुडूपच, पण डोक्याच्या वर गेलेलं. त्याला कोणी पाणी घालत नसे, खत घालत नसे. बकऱ्या त्याचा पाला हुंगून पुढे जात. पावसात त्याला जांभळट निळी बारीक फुलं येत, आणि पाऊस ओसरला की पिवळी फळं. फळं कसली, मणीच. हळदीच्या रंगाचे, टपोरे, सरासारखे खाली लोंबणारे. मार्गशीर्षापर्यंत टिकत. खायचे मात्र नाहीत, विषारी असतात. आम्ही त्याला मण्यांचं झाड म्हणत असू. त्याचं खरं नाव दुरांटा आहे हे मला पुढे एका ओव्हरसियरांकडून कळलं.

नवरात्राच्या मागेपुढे आमचा मांडवाचा सण येतो. मशिदीच्या अंगणात बांबूंचा मांडव घालून वर झावळ्या टाकतात आणि आत फळं टांगतात. केळीचा घड, पपनस, लिंबं, काकड्या, ज्याच्या घरी जे असेल ते. आमच्या घरी फळझाड नव्हतं, म्हणून मी मण्यांच्या फांद्या देत असे. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हरकत घेतली की हे खायचं फळ नव्हे. दुसरे म्हातारे म्हणाले, "वर टांगलेलं कोण तोडून खातंय? उलट हेच टिकेल." ते टिकलं. केळी दुसऱ्याच रात्री गेली होती. तेव्हापासून माझ्या फांद्या मांडवाच्या दारावर लागू लागल्या. त्याचा मला फार अभिमान होता, पण तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता.

एका वर्षी मांडव बघायला एक ओव्हरसियर आले. ते आमच्यातले नव्हते, घाटावरचे होते. सरकारी बांधकाम खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले, आणि मागच्या आळीत त्यांचं घर बांधून होत आलं होतं. ते आत आले, मधल्या खांबाकडे डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "हा दीड इंच कलला आहे." मग दारावरच्या मण्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. नंतर ते खांबाबद्दल काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. मी आत चुलीपाशी, पीठ मळत होते.

"मांडवातले पिवळे मणी तुमच्याकडचे ना?"

"हिच्याकडचे," हे म्हणाले. "म्हणजे घर एकच आहे. झाड हिचं."

"मला तीन बाजूंना कुंपण करायचं आहे. तार नको, खाऱ्या हवेने गंजते. ह्याचं चालेल?"

"चालेल की."

ह्यांना झाडातलं काही कळत नसे. पण दवाखान्यात दिवसभर 'पाण्याबरोबर चालेल', 'दुधाबरोबर चालेल' असं सांगायची सवय होती.

ओव्हरसियरांनी खिशातून वही काढली. तीन बाजू मोजून झाल्या होत्या. फुटाला एक रोप, अशी एकशे ऐंशी रोपं. चार आण्याला एक. पंचेचाळीस रुपये झाले. ते त्यांनी तिथेच मोजून ह्यांच्या हातात ठेवले. सगळेच्या सगळे, आगाऊ.

"पण एक," ते म्हणाले. "मला नुसतं हिरवं कुंपण नको. हिरवं काय, कोणाच्याही दारात असतं. मला ही फळं पाहिजेत. फळ नक्की येईल?"

हे गप्प बसले. फळ येईल की नाही हे पाण्याबरोबर किंवा दुधाबरोबर सांगता येण्यासारखं नव्हतं. ते तसेच गप्प राहिले तर पैसे परत जातील असं मला वाटलं. आमच्या स्वयंपाकघराची कौलं फुटली होती आणि मागच्या पावसात आम्ही चुलीवर छत्री धरून दूध तापवलं होतं.

"नाही आलं तर पैसे परत," मी आतून म्हणाले.

बाहेर दोघेही दचकले असावेत. मीही दचकले.

"केव्हापर्यंत?" ओव्हरसियरांनी दाराला विचारलं.

"लावल्यापासून तिसऱ्या दिवाळीपर्यंत."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी पिठाच्या हातानेच मागच्या दाराने कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जाऊन उभी राहिले, ते गेले तरी आत आले नाही.

"तुला बोलता येतं हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं," हे जेवताना म्हणाले.

पंचेचाळीस रुपयांची कौलं आली. म्हणजे पैसे छपरावर गेले, आणि तिथून ते खाली काढता येत नाहीत. आता फळ येणं भाग होतं.

पाऊस लागला तशी मी कलमं केली. फांदीची वीतभर कांडी घ्यायची, बोटापेक्षा बारीक, खालून तिरकी कापायची आणि दोन हिस्से मातीत, एक हिस्सा वर ठेवायचा. रॉकेलचे डबे, फुटक्या घागरी, करवंट्या, दवाखान्यातून आलेले मलमाचे डबे, जे मिळेल त्यात लावली. अडीचशे लावली, दोनशेच्या आसपास जगली. भाद्रपदात ती पाटीत घालून मी ओव्हरसियरांच्या घरी पोचवली. दुपारी पोचवली, कारण दुपारी ते झोपत. सहा खेपा झाल्या. सहाव्या खेपेला ते जागे झाले आणि व्हरांड्यात आले, तेव्हा मी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर होते.

त्यांनी रोपं दोरी लावून, फूटपट्टी ठेवून लावली. एकही इकडची तिकडे नाही. पहिल्या दिवाळीला ती गुडघ्याएवढी होती, तेव्हा फळाचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला ती कमरेपर्यंत आली आणि ओव्हरसियरांनी कात्री आणली. कोणा साहेबाचा बंगला मोडला तेव्हा लिलावात घेतलेली, हातभर लांब पात्यांची. दर रविवारी सकाळी ते दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणत, वर पातळी बघायचं बुडबुड्याचं यंत्र ठेवत आणि दोरीच्या वर आलेलं एकेक पान कापत. ते काम दहा वाजेपर्यंत चाले. मग त्यांच्या बायको चहा आणत आणि ते कुंपणावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून आल्यागेल्याला दाखवत.

"सांडतंय का बघा."

सांडत नसे. लोक वाहवा करत. एवढं सरळ कुंपण पनवेलमध्ये दुसरं नव्हतं हे मीही सांगेन.

दुसऱ्या दिवाळीला त्यावर एकही मणी नव्हता.

माझ्या परसातलं झाड त्याच वेळी पिवळंधमक होतं. मी घागर घेऊन विहिरीवर उभी होते आणि विचार करत होते की तीच फांदी, तीच माती, मग का नाही. तेव्हा लक्षात आलं की माझ्याही झाडाला सगळीकडे मणी नाहीत. मागच्या रस्त्याकडच्या बाजूला नव्हते. तिकडून जाणारे गाडीवान बैलाला हाकायला दर दोन दिवसांनी एखादी फांदी मोडून घेत. ती बाजू बोडकी राही, फुटे, पुन्हा मोडे. फूल शेंड्याला येतं. शेंडा गेला की फूल गेलं, फूल गेलं की फळ गेलं. एवढंच होतं.

म्हणजे ओव्हरसियरांना एवढंच सांगायचं होतं की पावसाळ्यात कात्री लावू नका. चार शब्द. ते सांगितले की माझे पंचेचाळीस रुपये वाचत होते आणि त्यांना मणी मिळत होते.

आधी मी ह्यांना सांगितलं. हे रविवारी गेले आणि तासाभराने आले.

"सांगितलंत?"

"काय सुंदर कापलंय गं. पेला ठेवून दाखवला त्यांनी."

"पण सांगितलंत का?"

"पेला ठेवल्यावर कसं सांगणार?"

मग मी ठरवलं की त्यांच्या बायकोला सांगायचं. त्या स्वभावाने फार चांगल्या होत्या. मी गेले की पाट द्यायच्या, चहा द्यायच्या आणि बोलायला लागायच्या. त्यांच्या बोलण्यात मध्ये शिरायला जागा नसे. मी तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांच्या सुनेचं सगळं कळलं, दुसऱ्यांदा व्याह्यांचं, आणि तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "तुमच्याशी बोललं की कसं मन मोकळं होतं. तुम्ही ऐकून घेता." मी चहा संपवून घरी आले.

मग मी चिठ्ठी लिहिली. 'पावसात कातरी लाऊ नये, फुल शेंड्यास येते.' ती उलटसुलट वाचली. ओव्हरसियर वर्तमानपत्रातल्याही चुकांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारत, हे मी त्यांच्या व्हरांड्यात बघितलं होतं. चिठ्ठी मी चुलीत घातली.

ओव्हरसियर स्वतः काही कमी करत नव्हते. फळ येत नाही म्हणजे जमीन हलकी, असं त्यांनी ठरवलं. उरणकडून सुक्या मासळीचा चुरा मागवून घातला. हाडांची पूड घातली. कुंपण असं फोफावलं की त्यांना बुधवारीही कात्री लावावी लागली. आळीतली मांजरं महिनाभर त्यांच्याकडेच मुक्कामाला होती.

तिसरी दिवाळी आली. मणी नाहीत.

त्या दिवाळीला त्यांच्याकडे मुंबईचे पाहुणे होते. मी मागच्या दाराशी त्यांच्या बायकोला अंडी द्यायला गेले होते आणि पुढचं बोलणं सगळं ऐकू येत होतं. एका पाहुण्याने विचारलं, "तुम्ही पत्रात फळांचं लिहिलं होतंत, ती कुठे आहेत?"

ओव्हरसियरांनी कुंपणाकडे बघितलं. मग म्हणाले, "मला वाटतं, ही नर रोपं आहेत."

"नर?"

"पपईत नाही का, नराला फळ धरत नाही. बाईंनी चुकून नराची कलमं दिली असावीत. मुद्दाम नव्हे. शिकलेल्या नाहीत त्या."

ते रागाने म्हणाले नाहीत. माझी बाजू सावरून घेतली. मी अंडी मोजून दिली आणि घरी आले.

आठ दिवसांत ते आळीभर झालं. आमच्याकडे पपई आणि ताड सगळ्यांच्या ओळखीचे, दोन्हींत नर असतो, म्हणून कोणाला ते खोटं वाटलं नाही. एका शेजारणीने पन्नास कलमं सांगितली होती, तिने नको म्हणून निरोप पाठवला. उरणहून येणारी कोळीण टोपली उतरवता उतरवता मला म्हणाली, "काय गो बाय, तुझा कुंपन नर निंगाला म्हणं?"

मी मान हलवली.

"मग त्याला मादी पायजे. मधी एक मादी लाव. लगीन लाव त्याचा." आणि इतकी हसली की वजनाला घेतलेले बोंबील पुन्हा टोपलीत पडले.

आमच्या मशिदीतल्या बायकाही हसल्या. हसण्याचं मला एवढं नव्हतं. पण माझ्या झाडाची फांदी बघून, हाताने निवडून, मी एकेक कलम केलं होतं आणि त्यात एकही वाईट नव्हतं. मी दिलेला माल चांगला होता हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी बोललेला शब्द सगळ्यांना ठाऊक होता. त्यातला निदान शब्द तरी पाळायचा असं मी ठरवलं.

"अगं ते मागत नाहीत," हे म्हणाले.

"मी म्हटलं होतं."

"मग त्यांना कात्रीचं सांग. ते सोपं आहे की दोन वर्षं अंडी विकणं सोपं?"

मी विचार केला. अंडी विकणं सोपं होतं.

तोवर अंडी घरात खाल्ली जात आणि उरलेली अधूनमधून शेजारी जात. आता सगळी विकायला काढली. महिन्याचे दोन रुपये निघत. पहिले दोन रुपये घेऊन मी रविवारी गेले. ओव्हरसियर दोरी ताणत होते. मी व्हरांड्यातल्या टेबलावर पैसे ठेवले.

"हे कसले?"

मी कुंपणाकडे बोट दाखवलं.

"अहो, छे छे. मी मागितले का? घेऊन जा."

मी निघाले. ते मागून दोनदा हाका मारत राहिले. पैसे टेबलावरच राहिले, आणि टेबलावरचे पैसे नोंद न करता तसेच ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या बायकोने पावती आणून दिली. तांबड्या रेघांच्या कागदावर, सुंदर अक्षरात: 'कुंपणाची रोपे (नर), परतफेडीपोटी रुपये दोन पोचले.'

कंसातला तो शब्द दर महिन्याच्या पावतीवर असे.

तिसऱ्या दिवाळीपासून पुढच्या पावसापर्यंत मी अठरा रुपये दिले. मुलं अंड्यांशिवाय राहायला शिकली. आमचे हे शिकले नाहीत, पण बोललेही नाहीत.

त्या पावसात, आषाढ लागला तेव्हा, ओव्हरसियर कुंपणाचं कोपऱ्याचं टोक बघायला स्टुलावर चढले आणि पडले. खांद्याचं हाड मोडलं. ह्यांच्याच दवाखान्यात बांधलं. तीन महिने हात हलवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या हातात ते कात्री द्यायला तयार नव्हते. गडी दोरी बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. आणि रोज बाजारात जाताना मी त्या आळीतून वळसा घेऊन जाऊ लागले, हेही खरं आहे.

श्रावणात कुंपण दोरीच्या वर हातभर गेलं. भाद्रपदात त्यावर निळी फुलं. नवरात्रात मणी. एका बाजूला नव्हे, तिन्ही बाजूंना, फाटकापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत, एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी रोपांवर. फांद्या वजनाने रस्त्यावर झुकल्या. येणारेजाणारे थांबून बघत. कोळीण म्हणाली, "लावलास काय लगीन?" त्या वर्षी मांडवाला माझ्या झाडाच्या फांद्या कमी आणि ओव्हरसियरांकडच्या जास्त होत्या. त्यांनी स्वतःहून पाठवल्या.

ते स्वतःही आले, हात झोळीत.

"बघितलंत ना?" ते ह्यांना म्हणाले. "खत लागू व्हायला वेळ लागतो."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी झावळ्यांकडे.

"तुमच्या बायकोचे अठरा रुपये माझ्याकडे पाकिटात वेगळे ठेवले आहेत," ओव्हरसियर पुढे म्हणाले. "ते परत करायचे. पण एका वर्षाचं फळ हा पुरावा होत नाही. पूल बांधला तरी आम्ही दुसरा पाऊस गेल्याशिवाय पास करत नसू. पुढच्या वर्षी असंच फळलं की हिशोब मिटला. तोवर त्यांनी काही देऊ नये."

ते रास्त होतं. मी द्यायचं थांबवलं. आम्ही पुन्हा अंडी खाऊ लागलो. त्याच सुमारास आण्यांचे नवे पैसे झाले आणि अंड्याचा भाव काय सांगायचा हे वर्षभर कोणालाच धड कळत नव्हतं, त्यामुळे विकायची नव्हती तेच बरं झालं.

माघात ओव्हरसियरांचा हात पुरता बरा झाला. एका रविवारी मला खुंट्या ठोकल्याचा आवाज आला. मी हातातलं काम टाकून गेले. ह्या वेळी सांगायचंच, असं वाटेत चार वेळा घोकलं. शब्द तोंडात तयार होते. माघात कापा, वैशाखात कापा, पण पावसात नको.

ओव्हरसियर फाटकाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कुंपणाकडे.

"बघा," ते फार वाईट वाटून म्हणाले. "एक वर्ष माणसाचं लक्ष नसलं की काय होतं. कसं वाकडंतिकडं झालंय."

"हो," मी म्हणाले.

आणि घरी आले.

ज्येष्ठात ते कापत होते, आषाढात कापत होते, श्रावणात रविवारी आणि बुधवारी कापत होते. पाचव्या दिवाळीला कुंपणावर पुन्हा पेला ठेवता येऊ लागला. मणी नव्हते. खताचा जोर संपला, असं त्यांनी सांगितलं. आळीने सांगितलं की नरालाही कधी चुकून एखादं वर्ष फळ येतं.

मी पुन्हा द्यायला लागले. सत्तावीस राहिले होते. कोंबड्या वाढवल्या, त्यामुळे एखाद्या महिन्यात अडीचही निघाले. ओव्हरसियर आता हाका मारत नसत. मी आले की कात्री खाली ठेवत, हात धुऊन येत आणि पावती लिहीत. आम्हा दोघांनाही त्याची सवय झाली होती. त्यांच्या बायको म्हणायच्या, "ह्यांच्याकडे महिन्याला नेमाने येणाऱ्या तुम्ही एकट्याच. मुलगासुद्धा येत नाही." मग त्या मुलाचं सांगत.

शेवटचे दोन रुपये द्यायचे होते तेव्हा सहावी दिवाळी तोंडावर आली होती. पाऊस संपला होता. मी गेले तेव्हा ओव्हरसियर व्हरांड्यात बसले होते आणि कात्री त्यांच्या मांडीवर होती, पाती पुसत होते. बायको घरात नव्हत्या, लेकीकडे गेल्या होत्या. घर अगदी गप्प होतं. मला वाटतं, त्यामुळेच झालं.

मी पैसे ठेवले आणि म्हणाले, "पावसात कात्री लावू नये."

त्यांनी वर बघितलं.

"फूल शेंड्याला येतं," मी म्हणाले. "शेंडा कापला की येत नाही. तुमचा हात मोडला होता तेव्हा कापला नव्हता."

ओव्हरसियरांनी कात्री मांडीवरून खाली ठेवली. मग उठले, खाली गेले आणि कुंपणाच्या कडेने चालत मागच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. मी टेबलापाशीच उभी होते.

"रोपं नर नाहीत तर."

"नाहीत."

"हे तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे?"

"दुसऱ्या दिवाळीपासून."

"मग चार वर्षं बोलला का नाहीत?"

मी टेबलावरचे दोन रुपये त्यांच्याकडे सरकवले. त्यांनी तो प्रश्न सोडून दिला. आत जाऊन ते पाकीट घेऊन आले. चांगलं फुगलेलं होतं.

"हे त्रेचाळीस," ते म्हणाले. "आणि हे टेबलावरचे दोन. सगळे घेऊन जा. चूक माझी आहे. हे पैसे मी कोणत्या तोंडाने ठेवू?"

"तिसऱ्या दिवाळीपर्यंत फळ नाही आलं तर पैसे परत, असं मी म्हटलं होतं," मी म्हणाले. "नाही आलं."

"पण कारण मी होतो."

"कारणाचं बोलणं झालं नव्हतं."

एवढं मी परक्या माणसाशी त्याआधी कधी बोलले नव्हते. ओव्हरसियरांनी कपाटातून जुनी वही काढली, पानं मागे मागे उलटली आणि ते पान शोधून काढलं. चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. कारणाबद्दल त्यात खरंच काही नव्हतं. सरकारी कामात जन्म गेलेला माणूस, लिहिलेल्या अटीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

"तसं बघितलं तर," ते हळूच म्हणाले, "आहे खरं असंच."

मग त्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं. 'कुंपणाची रोपे' एवढं लिहून थांबले. कंस केला नाही. पुढे लिहिलं, 'रोपे उत्तम होती. ठरल्याप्रमाणे रुपये पंचेचाळीस पूर्ण परत पोचले. येणे काही नाही.' खाली सही केली, शाई टिपली आणि पावती माझ्या हातात दिली. मी ती पदराच्या टोकाला बांधली. टेबलावरचे दोन रुपये त्यांनी पाकिटात घातले आणि पाकीट बंद केलं.